कुत्र्याला परदेशी नेताना लागणारी कागदपत्रे आणि त्यांच्या तारखांचा क्रम

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: कुटुंब दोन महिन्यांनी दुसऱ्या देशात स्थलांतर करणार आहे, सोबत चार वर्षांची कुत्री आहे, तिच्या लसीकरण पुस्तिकेत दरवर्षीच्या नोंदी व्यवस्थित आहेत, मायक्रोचिप मात्र बसवलेली नाही. प्रवासाआधी काही दिवस पशुवैद्याचे आरोग्य प्रमाणपत्र घेतले म्हणजे झाले, असे विमान कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले आहे. एवढ्यावर भागेल का, असे आपण विचारले आहे. पशुवैद्य म्हणून अशा प्रवासांची प्रमाणपत्रे तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि त्या अनुभवावरून स्पष्टच सांगावेसे वाटते की बहुतेक देशांसाठी एवढ्यावर भागणार नाही. काही देशांच्या बाबतीत तर आज सुरुवात केली तरी दोन महिन्यांत सर्व अटी पूर्ण होणे शक्य नाही. आपण कोणत्या देशात जाणार हे प्रश्नात लिहिलेले नाही, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने द्यावे लागत आहे.

विमान कंपनी आपल्याशी खोटे बोललेली नाही, परंतु ती फक्त तिच्या हातातल्या गोष्टीबद्दल बोलली आहे. कुत्र्याला विमानात घ्यायचे की नाही एवढे ती ठरवते. कुत्र्याला देशाबाहेर जाऊ द्यायचे की नाही हे निघण्याच्या देशाचा पशुवैद्यकीय विभाग ठरवतो, आणि आत येऊ द्यायचे की नाही हे पोहोचण्याच्या देशाचा विभाग ठरवतो. वाटेत तिसऱ्या देशात विमान बदलायचे असेल तर त्या देशाचाही यात अधिकार असतो. या सर्वांच्या अटी वेगवेगळ्या असतात आणि त्यांपैकी कोणीही दुसऱ्याच्या वतीने खात्री देऊ शकत नाही. म्हणून पहिले काम म्हणजे पोहोचण्याच्या देशाच्या कृषी किंवा पशुसंवर्धन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरील सध्याचे नियम स्वतः वाचणे. परिचितांनी त्यांच्या वेळी काय केले हे ऐकण्यासारखे असते, पण त्यावर तिकीट काढू नये, कारण हे नियम बदलत राहतात. अमेरिकेचे कुत्र्यांविषयीचे नियम १ ऑगस्ट २०२४ पासून मोठ्या प्रमाणात बदलले, आणि त्याआधी सुखरूप गेलेल्या लोकांचा सल्ला त्या दिवसापासून उपयोगाचा राहिला नाही.

हे सगळे एवढे किचकट का आहे, हे एकदा समजले की कागदांचा क्रम आपोआप लक्षात राहतो. जवळजवळ सगळ्या अटींच्या मुळाशी रेबीज हा एकच रोग आहे. लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर उपाय नाही, तो माणसाला होतो, आणि लागण झालेला कुत्रा अनेक आठवडे, क्वचित काही महिने, अगदी निरोगी दिसू शकतो. त्यामुळे सीमेवरील अधिकाऱ्याला समोरचा कुत्रा तपासून काहीच निश्चित सांगता येत नाही. त्याला कागदांवरूनच चार गोष्टींची खात्री करून घ्यावी लागते: हा तोच कुत्रा आहे, त्याला लस दिली आहे, ती लस त्याच्या शरीरात लागू पडली आहे, आणि लस देण्याच्या आधीच त्याला लागण झालेली नव्हती. पहिल्या गोष्टीसाठी मायक्रोचिप, दुसऱ्यासाठी लसीकरणाचे प्रमाणपत्र, तिसऱ्यासाठी रक्ताची टायटर चाचणी आणि चौथ्यासाठी प्रतीक्षेचा काळ. प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीवर उभी आहे, त्यामुळे एक तारीख मागेपुढे झाली की पुढचे सगळे कागद खरे असूनही निरुपयोगी ठरतात. माझ्याकडे अडचणीत येणाऱ्या कुटुंबांपैकी बहुतेकांकडे सर्व कागद असतात, फक्त त्यांच्यावरच्या तारखा एकमेकींशी जुळत नाहीत.

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक नळी, जी सुईने मानेमागे दोन खांद्यांच्या मधोमध कातडीखाली बसवतात. तिच्यात स्वतःची वीज नसते. स्कॅनर जवळ नेला की ती आपला क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची, १५ अंकी क्रमांकाची चिप लागते. जुन्या किंवा वेगळ्या प्रकारच्या ९ वा १० अंकी चिपा अनेक ठिकाणचे स्कॅनर वाचू शकत नाहीत. अशा वेळी दुसरी, मानकाप्रमाणे असलेली चिप बसवून घ्यावी आणि दोन्ही क्रमांक सर्व कागदांवर लिहून घ्यावेत. येथे सर्वांत महत्त्वाचा नियम असा की चिप आधी आणि रेबीजची लस नंतर. दोन्ही एकाच दिवशी झाले तरी चालते, पण लस चिपच्या आधीच्या तारखेची असेल तर प्रवासासाठी ती दिलीच नव्हती असे धरले जाते. आपल्या कुत्रीच्या चार वर्षांच्या लसी तिच्या आरोग्यासाठी खऱ्या आहेत, त्यांचा तिला फायदाही झालेला आहे. परंतु त्या टोचताना तिची ओळख पटवणारा क्रमांक नव्हता, म्हणून कागदोपत्री तिची सुरुवात चिप बसेल त्या दिवसापासून होईल.

चिप बसवताना आणि नंतर प्रत्येक वेळी काय करावे हे मी मुद्दाम बारकाईने सांगतो. बसवण्याआधी पाकिटातली चिप स्कॅन करावी, बसवल्यावर पुन्हा स्कॅन करावी, आणि स्कॅनरच्या पडद्यावरचा क्रमांक पुस्तिकेत चिकटवलेल्या बारकोडच्या पट्टीशी एकेक अंक मोठ्याने वाचून जुळवावा. आमच्याकडे एक जण स्कॅनरवरचा क्रमांक तीन-तीन अंकांच्या गटांत वाचतो आणि दुसरा कागदावर बोट ठेवून पाहतो. प्रयोगशाळेच्या अहवालात, लसीच्या प्रमाणपत्रात किंवा आरोग्य प्रमाणपत्रात एका अंकाची अदलाबदल झाली तर सीमेवर त्याचा अर्थ हा कागद दुसऱ्या कुत्र्याचा आहे एवढाच घेतला जातो, आणि तिथे आपले स्पष्टीकरण ऐकण्याचा अधिकार बहुधा समोरच्या अधिकाऱ्याला नसतो. कधी कधी चिप कातडीखाली सरकून खांद्यावर किंवा पायाच्या वरच्या भागाकडे जाते, म्हणून स्कॅनर केवळ मानेमागे न फिरवता दोन्ही बाजूंनी खालपर्यंत फिरवावा. प्रत्येक लसीच्या आणि रक्त घेण्याच्या आधी चिप वाचली गेली, अशी नोंद असणे चांगले.

लसीबाबत तीन गोष्टी. पहिली, अनेक देशांत बारा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला दिलेली रेबीजची लस ग्राह्य धरत नाहीत. आणि युरोपीय संघासारख्या ठिकाणी पहिल्या लसीनंतर २१ दिवस जावे लागतात, म्हणून पंधरा आठवड्यांपेक्षा लहान पिल्लाला तिकडे नेणे सहसा शक्य होत नाही. अमेरिकेत तर सहा महिन्यांपेक्षा लहान कुत्र्याला प्रवेशच नाही. दुसरी, प्रमाणपत्रावर लसीचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, टोचल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत लागू हे सर्व असले पाहिजे. पुस्तिकेतला नुसता शिक्का आणि सही पुरत नाही, म्हणून बाटलीवरची चिकटपट्टी पुस्तिकेत लावून घेण्याचा आग्रह धरावा. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त नडते. लसीची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवसापर्यंत पुढची मात्रा दिली तर ती बूस्टर मानली जाते आणि आधीची साखळी चालू राहते. एका दिवसाचा जरी उशीर झाला तरी ती मात्रा पुन्हा पहिली लस धरली जाते. मग २१ दिवस पुन्हा मोजावे लागतात आणि जिथे टायटर चाचणी लागते तिथे तीही नव्याने करावी लागते. ज्या कुत्र्याची चाचणी एकदा झालेली आहे त्याच्या मालकाने बूस्टरची तारीख महिनाभर आधीच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी.

आता टायटर चाचणी. याबद्दल गैरसमज फार आहेत, म्हणून येथे थोडे थांबतो. या चाचणीत कुत्र्याच्या रक्तातील रेबीजविरोधी प्रतिपिंडांचे, म्हणजे लसीमुळे शरीरात तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांचे, प्रमाण मोजतात आणि ते दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. एफएव्हीएन आणि आरएफएफआयटी या दोन पद्धती सर्वमान्य आहेत. त्यांत जिवंत रेबीज विषाणू हाताळावा लागत असल्यामुळे ही चाचणी गल्लीतल्या प्रयोगशाळेत होत नाही. जगात मोजक्याच प्रयोगशाळांना त्यासाठी मान्यता आहे. शिवाय प्रत्येक देशाची मान्य प्रयोगशाळांची यादी वेगळी असते. युरोपीय संघाच्या यादीतली प्रयोगशाळा जपानच्या किंवा ऑस्ट्रेलियाच्या यादीत असेलच असे नाही, तेव्हा नमुना पाठवण्याआधी पोहोचण्याच्या देशाची यादी पाहणे अत्यावश्यक आहे.

रक्त केव्हा घ्यायचे याचाही नियम आहे. युरोपीय संघ आणि ब्रिटन यांच्यासाठी लस दिल्यापासून किमान ३० दिवसांनी. रक्त घेतल्यावर ते गोठू देऊन त्यातले सीरम, म्हणजे गोठल्यावर वर राहणारा द्रव, वेगळे करतात, नळीवर चिपचा क्रमांक आणि रक्त घेतल्याची तारीख लिहितात आणि नमुना थंड ठेवून पाठवतात. रक्तपेशी फुटून सीरम तांबडे झाले तर ते चाचणीच्या कामाचे राहत नाही, म्हणून घाईत, घाबरलेल्या कुत्र्याचे रक्त ओढाताण करून घेण्यापेक्षा त्याला शांत होऊ द्यावे आणि थोडे जास्त रक्त घेऊन दोन नळ्या भराव्यात. एक पाठवावी आणि एक जपून ठेवावी. नमुना दुसऱ्या देशात पाठवायचा असेल तर त्याचेही कागद लागतात, आणि ते आधी तयार नसतील तर नमुना कुरियरच्या गोदामात अडकून खराब होतो.

प्रमाण ०.५ पेक्षा कमी आले म्हणजे कुत्रा असुरक्षित आहे असा अर्थ काढू नये. आयुष्यात एकच मात्रा मिळालेल्या कुत्र्याच्या रक्तातील प्रतिपिंडे साधारण महिन्याभराने सर्वाधिक असतात आणि पुढे उतरू लागतात. अशा कुत्र्याचे रक्त फार उशिरा घेतले तर संरक्षण असूनही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून लहान किंवा प्रथमच लस घेतलेल्या कुत्र्याला योग्य अंतराने दोन मात्रा देऊन मग रक्त घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. आपल्या कुत्रीला चार वर्षे नियमित लस मिळालेली असल्यामुळे चिपनंतरची पहिली मात्रा कागदावर पहिली ठरली तरी शरीरात बूस्टरसारखेच काम करेल, आणि तिचा आकडा चांगला येण्याची शक्यता खूप आहे.

आकडा आला की लगेच निघता येते असे मात्र नाही. प्रतिपिंडे चांगली आहेत एवढ्याने लस देण्याच्या आधीच्या लागणीची शंका फिटत नाही, आणि ती फिटावी म्हणून वाट पाहावी लागते. जागतिक प्राणी आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय व्यवहारासाठी रेबीजचा अधिशयन काळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ, सहा महिने धरला आहे, आणि काही देशांत दिसणारे १८० दिवस त्याच्याशी जुळतात. युरोपीय संघाने रेबीजचा धोका कमी मानलेल्या देशांच्या याद्या केल्या आहेत. यादीतील देशातून येणाऱ्या कुत्र्याला टायटर चाचणी लागत नाही. यादीबाहेरच्या देशातून येणाऱ्याला चाचणी लागते आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून तीन महिने थांबावे लागते. ब्रिटनची पद्धतही याच धर्तीवर आहे. म्हणजे आज चिप आणि लस झाली तर ३० दिवस आणि त्यापुढे तीन महिने, मिळून चार महिन्यांच्या आत प्रवास होऊ शकत नाही. प्रयोगशाळेचा निकाल या तीन महिन्यांच्या आत येतो, म्हणून त्यासाठी वेगळा वेळ धरावा लागत नाही.

जपानचा हिशेब याहून लांब आहे. रेबीजमुक्त म्हणून नेमून दिलेले थोडे प्रदेश वगळता बाकी ठिकाणाहून येणाऱ्या कुत्र्याला चिपनंतर लसीच्या दोन मात्रा लागतात, त्यांच्यात किमान ३० दिवसांचे अंतर लागते, मग रक्त, आणि रक्त घेतल्याच्या दिवसापासून १८० दिवस. रक्त दुसऱ्या मात्रेच्या दिवशीच घेता येते, म्हणजे नेटाने केले तरी सात महिने. याशिवाय पोहोचण्याच्या किमान ४० दिवस आधी तेथील प्राणी क्वारंटाइन कार्यालयाला सूचना द्यावी लागते. हे सर्व नेमके झाले असेल तर विमानतळावरची तपासणी बारा तासांच्या आत आटोपते. काही राहिले असेल तर कुत्र्याला १८० दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. ऑस्ट्रेलियातही १८० दिवस आहेत, पण ते रक्त घेतल्यापासून मोजत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यापासून मोजतात, आणि हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे आठवडाभराचा घोटाळा सहज होतो. तिथे आयात परवाना आधी घ्यावा लागतो, मेलबर्नजवळच्या मिकलहॅम येथील सरकारी केंद्रात किमान १० दिवसांचे विलगीकरण असते, आणि टायटरचे रक्त घेण्याआधी शासकीय पशुवैद्याने चिपवरून ओळख पडताळलेली नसेल तर ते ३० दिवसांचे होते. सर्वच देशांतून ऑस्ट्रेलियात थेट कुत्रा नेता येत नाही. मान्य यादीत नसलेल्या देशातील कुत्र्याला आधी एखाद्या मान्य देशात नेऊन तिथे बरीच तयारी करावी लागते.

अमेरिकेचे आजचे नियम कुत्रा गेल्या सहा महिन्यांत कोणत्या देशात होता यावर ठरतात. रेबीजचा धोका जास्त मानलेल्या देशांत तो नव्हता, तर सहा महिन्यांचे वय, चिप, निरोगी दिसणे आणि तेथील रोगनियंत्रण केंद्र सीडीसीचा ऑनलाइन आयात अर्ज भरून मिळालेली पावती, एवढे मुख्यतः पुरते. तो जास्त धोक्याच्या देशात होता आणि त्याची लस अमेरिकेबाहेर झालेली असेल, तर सीडीसीच्या नमुन्यातील लसीकरण व चिपचे प्रमाणपत्र शासकीय पशुवैद्याच्या सहीने लागते, ठरावीक विमानतळांवरूनच प्रवेश मिळतो आणि तेथील नोंदणीकृत प्राणी केंद्रात तपासणी व पुन्हा लसीकरणासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. मान्य प्रयोगशाळेची टायटर चाचणी असेल तर २८ दिवसांचे विलगीकरण टळते. त्यासाठी रक्त पहिल्या ग्राह्य लसीनंतर किमान ३० दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान २८ दिवस आधी घेतलेले हवे. बेरीज केली तर ५८ दिवस होतात. आपले दोन महिने येथे जेमतेम बसतात, तेही चिप आणि लस याच आठवड्यात झाली तरच.

आता त्या आरोग्य प्रमाणपत्राकडे येऊ, ज्यावर सर्व भिस्त आहे असे आपल्याला सांगण्यात आले. ते साखळीतला शेवटचा कागद आहे. युरोपीय संघासाठी ते शासकीय पशुवैद्याने दिल्यापासून प्रवेशस्थानी तपासणी होईपर्यंत १० दिवस चालते. इतर देशांच्या मुदती वेगळ्या आहेत. खासगी पशुवैद्याने तपासून सही केली तरी त्यावर निघण्याच्या देशाच्या शासकीय पशुवैद्याची सही व शिक्का बहुतेक ठिकाणी लागतोच, आणि त्या कार्यालयाची भेट, सुट्ट्या आणि विमानाची तारीख हे तीन धागे याच थोड्या दिवसांत जुळवावे लागतात. मी नेहमी विमानाच्या तारखेपासून मागे मोजत येतो आणि मध्ये किमान दोन कामाचे दिवस मोकळे ठेवतो, म्हणजे एखादा रकाना चुकला तर दुसरा कागद करायला वाव राहतो.

या प्रमाणपत्राचा नमुना पोहोचण्याच्या देशाचा असतो आणि त्यात एकमेकांना पर्याय असलेली विधाने छापलेली असतात: कुत्रा यादीतील देशातून येत आहे, किंवा यादीबाहेरच्या देशातून येत असून त्याची चाचणी झाली आहे, बूस्टर आहे, किंवा पहिली लस आहे. जे लागू नाही ते पशुवैद्याने रेघ मारून खोडायचे असते आणि खोडलेल्या जागी सही-शिक्का करायचा असतो. दोन्ही पर्याय तसेच राहिले तर प्रमाणपत्र काहीच सांगत नाही असे होते. युरोपीय नमुन्यात सही छपाईच्या रंगाहून वेगळ्या रंगात असावी लागते, म्हणून आम्ही त्यासाठी निळे पेन बाजूला ठेवतो. प्रवेशाच्या देशाची भाषा कोणती आणि प्रमाणपत्राची कोणती भाषिक प्रत घ्यायची, हेही आधी पाहावे. अंतिम मुक्काम एका देशात आणि विमान प्रथम उतरणार दुसऱ्या देशात असेल तर जिथे प्रथम उतरणार तिथली भाषा महत्त्वाची. तारखा लिहिताना दिवस-महिना-वर्ष हा क्रम सर्व कागदांवर एकसारखा ठेवावा आणि शक्य तिथे महिना अक्षरात लिहावा, कारण काही देशांत महिना आधी लिहितात आणि ०४-०७ हा आकडा तिथे दुसराच दिवस दाखवतो.

ब्रिटन, आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वे येथे जाणाऱ्या कुत्र्याला पट्टकृमीवरील औषधही द्यावे लागते. एकायनोकोकस मल्टिलॉक्युलॅरिस नावाचा कृमी या देशांना आत येऊ द्यायचा नाही, कारण तो माणसाच्या यकृतात गंभीर आजार करतो. प्राझिक्वांटेल किंवा तितकेच परिणामकारक औषध पशुवैद्याने स्वतः द्यायचे, आणि पोहोचण्याच्या वेळेआधी २४ तासांपेक्षा कमी नाही व १२० तासांपेक्षा जास्त नाही अशा अंतराने. येथे तारखेबरोबर घड्याळातली वेळही लिहावी लागते, आणि विमान एक दिवस उशिरा निघाले तर १२० तास ओलांडले जात नाहीत ना, हे पुन्हा मोजावे लागते. घरी दिलेली गोळी, ती कितीही चांगली असली तरी, येथे चालत नाही.

कागद फक्त कुत्र्याचेच असतात असे नाही, मालकाचेही असतात. विक्रीसाठी किंवा मालकी बदलण्यासाठी नेत नसल्याचे सही केलेले घोषणापत्र अनेक देश मागतात. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये मालकाच्या प्रवासाच्या पाच दिवस आधी किंवा पाच दिवस नंतरपर्यंत कुत्रा गेला तरच तो मालकासोबतचा पाळीव प्राणी धरतात. मालकाने लेखी अधिकार दिलेली व्यक्ती त्याला नेऊ शकते. हे अंतर वाढले की तोच कुत्रा व्यापारी आयात ठरतो, त्याचे प्रमाणपत्र वेगळे, तपासणी वेगळी आणि खर्चही जास्त. कुत्रीला मागाहून आणू असे बरेच कुटुंबीय सहज ठरवतात, त्यांनी ही अट जरूर लक्षात घ्यावी. जातीवरील बंदीही आधी पाहावी: पिट बुल टेरियर, जपानी टोसा, डोगो आर्हेंतिनो आणि फिला ब्राझिलेरो या जाती ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत, ब्रिटनमध्ये आता एक्सएल बुलीही त्यांत आहे. मिश्र जातीचा पण तसा दिसणारा कुत्रा असेल तर पुस्तिकेत जातीचा रकाना अंदाजाने भरू नये.

विमान कंपनीच्या कागदांत पिंजऱ्याचा प्रश्न मुख्य आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांप्रमाणे कुत्र्याला आत मान न वाकवता उभे राहता, वळता आणि मोकळेपणाने झोपता आले पाहिजे. कुत्रा केबिनमधून, सामान म्हणून की कार्गो म्हणून जाणार हे कंपनीशी बोलतानाच ठरवावे, कारण काही देश फक्त कार्गोनेच आत घेतात. ब्रिटनमध्ये विमानाने जाणारे कुत्रे, साहाय्यक कुत्रे सोडले तर, कार्गोनेच जातात, आणि मग एअर वे बिल, म्हणजे विमानाने पाठवलेल्या मालाची पावती, हा आणखी एक कागद येतो, ज्यावर पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव प्रमाणपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजे. नाक चपटे असलेल्या जातींना उष्णतेत श्वासाचा त्रास होतो, म्हणून अनेक कंपन्या त्यांना घेत नाहीत किंवा मोठा पिंजरा मागतात. गुंगीचे औषध देऊ नये. उंचीवर त्याचा श्वासावर आणि रक्तदाबावर काय परिणाम होईल हे सांगता येत नाही, आणि गुंगीत दिसणारा कुत्रा कंपनी नाकारूही शकते. त्याऐवजी महिनाभर आधीपासून पिंजरा घरात उघडा ठेवून तिला त्यात झोपायची सवय लावावी.

मूळ कागद आपल्या हातातल्या पिशवीत ठेवावेत, कार्गोने पाठवत असाल तर कंपनी सांगेल त्याप्रमाणे ते कुत्र्यासोबत द्यावेत, आणि छायांकित प्रतींचा एक संच पिंजऱ्यावर बंद पाकिटात चिकटवावा. सर्व कागदांचे स्पष्ट फोटो फोनमध्ये असावेत. सीमेवर कागद अपुरे ठरले तर कुत्र्याला मालकाच्या खर्चाने परत पाठवणे किंवा अटी पूर्ण होईपर्यंत विलगीकरणात ठेवणे हे दोनच मार्ग बहुधा उरतात, आणि दोन्हींत सर्वांत जास्त हाल कुत्र्याचे होतात. मदतीला एजंट घ्यायला हरकत नाही. बुकिंग, कार्गोचे कागद आणि कार्यालयांच्या फेऱ्या ते चांगल्या करतात. परंतु चिप, लस आणि रक्त यांच्या तारखा आपण स्वतः तपासाव्यात, आणि जो एजंट मागची तारीख टाकून काम भागवू असे सुचवतो त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये. अशा कागदाने केवळ आपली कुत्रीच अडकत नाही. ज्या रोगापासून तिकडच्या माणसांना वाचवण्यासाठी हा सारा खटाटोप आहे, तो रोग आत येण्याची वाट उघडते.

तेव्हा आपल्यासाठी या आठवड्याचे काम असे: १५ अंकी चिप बसवून घ्या आणि त्याच भेटीत, चिप वाचून झाल्यावर, रेबीजची लस द्या. चालू लसीची मुदत अजून शिल्लक असली तरी हे करा. जाणार तो देश टायटर चाचणी मागत नसेल, तर तीन आठवड्यांनी लसीची अट पूर्ण होईल आणि आपली मूळ तारीख गाठता येईल. चाचणी लागत असेल तर ३० दिवसांनी रक्त पाठवा, आणि त्या देशाचा प्रतीक्षेचा काळ दोन महिन्यांत संपत नसेल तर कुत्री इथे कोणाकडे राहील, तिला तिकडे कोण घेऊन येईल, आणि पाच दिवसांच्या अटीत ते बसावे म्हणून आपल्यापैकी एकाने परत येऊन तिला न्यावे का, हे आत्ताच ठरवा. कुटुंबातील एक जण मागे राहून चार महिन्यांनी तिच्यासोबत निघाला तर व्यापारी आयातीची भानगड टळते. त्यासाठी कुत्रीची पुस्तिका आणि चिपची नोंदणी त्या व्यक्तीच्या नावावर असणे सोयीचे पडते.

परतीचा विचारही निघण्याआधी करावा. ज्या देशातून निघता तिथे परत यायचे असेल आणि तिथल्या नियमांत टायटर चाचणी असेल, तर निघण्याआधी तिथेच रक्त देऊन निकाल नोंदवून ठेवल्याने पुढची प्रतीक्षा वाचू शकते. युरोपीय संघातून बाहेर जाऊन परत येणाऱ्या कुत्र्याला अशा वेळी तीन महिने पुन्हा थांबावे लागत नाही. युरोपीय संघात हा निकाल, बूस्टर वेळेवर दिला जात असेल तोवर, कुत्र्याच्या आयुष्यभर चालतो. जपानमध्ये तो रक्त घेतल्यापासून दोन वर्षेच चालतो. आणि नव्या देशात पोहोचल्यावर चिपच्या नोंदणीत तिथला पत्ता आणि फोन क्रमांक बदलून घ्या. चिपमध्ये केवळ क्रमांक असतो; हरवलेली कुत्री कोणाची हे शोधणाऱ्याला ती नोंदणीच सांगते, आणि जुना, बंद पडलेला फोन क्रमांक तिथे राहिला तर तिला घरी आणणारा दुवाच तुटतो.